डावा कोपरा

ट्रक डावीकडे वळायला लागला की क्लीनरचं अर्धं अंग खिडकीबाहेर यायचं. दाराच्या पत्र्यावर थापा मारत तो 'आने दे, आने दे' म्हणत राहायचा आणि मधेच एक सणसणीत थाप हाणून 'बस, बस!' असं ओरडायचा. ती ऐकून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायचा आणि खाली चाकाजवळ असलेला सायकलवालाही दचकून बाजूला व्हायचा. एकाच आवाजात दोघांना इशारा मिळायचा. पगार तुटपुंजा, झोप मिळेल तिथे, शिव्या भरपूर; पण आपल्या रस्त्यांवरच्या अवजड वाहनांना डाव्या बाजूला जी काही नजर होती, ती या पोराची होती.

२०२५च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. ई-चलनांचा तगादा हा मुख्य राग होता, पण मागण्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट होती: अवजड वाहनात क्लीनर असलाच पाहिजे ही सक्ती काढा. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, हे मालकांचं म्हणणं खोटं नाही. पुढे शासनही ज्या गाड्यांत चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे त्यांना सूट देण्याकडे वळलं. व्यवहारात मात्र अनेक गाड्यांत क्लीनरची जागा केव्हाच रिकामी झाली आहे. संपाच्या बातम्यांत चर्चा झाली ती दंडाची आणि पगाराची. त्या माणसाच्या जाण्याने गाडीची डावी बाजू कोण बघणार, हा प्रश्न कुणाला पडल्याचं दिसलं नाही. दिसण्याचं कारणही नव्हतं, कारण त्या बाजूला जो असतो त्याची संघटना नाही.

तो सायकलवाला असतो. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत सायकल संपली, असं आपण धरून चाललो आहोत. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनला किंवा मोहोन्याच्या एनआरसीला पाळी सुटताना गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा, तो काळ गेला. एनआरसी तर २००९ साली बंदच पडली. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथेही आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. पण पहाटे पाचला डोंबिवलीत टाटा नाक्यावर किंवा ठाण्यात मानपाड्याला उभं राहून पाहावं. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट दोन्ही बाजूंना बांधलेला एक जातो. पेपरवाला जातो. ॲल्युमिनियमचं इडलीचं पातेलं कॅरिअरवर आवळून, हँडलला भोंगा लावलेला अण्णा जातो. रात्रपाळी संपवून निघालेला सिक्युरिटी गार्ड, निळ्या गणवेशावर स्वेटर चढवलेला, दांडीला डबा लटकवलेला. थोडं उजाडलं की हेल्मेट, घट्ट कपडे आणि लाखाच्या घरातली सायकल असलेली मंडळी येऊरकडे किंवा गायमुखकडे निघतात. या दुसऱ्या गटाचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. सायकल चळवळ म्हणजे ही मंडळी, असा समज आहे. पहिल्या गटाला आपण सायकलस्वार आहोत हेही ठाऊक नसतं. तो फक्त कामाला चाललेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर सायकल चालवत असलेले इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत गेले. बातमी देशभर गेली, जायलाच हवी होती. इडलीवाल्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते आणि त्यात 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' एवढंच असतं. धडक देऊन पळालेल्या वाहनाने कुणी मेला तर १ एप्रिल २०२२ पासून नातेवाइकांना २ लाख रुपये मिळतात. ते मिळवायला कागद लागतात, आणि कागद जमवणारं माणूस अनेकदा उत्तर प्रदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या गावात असतं.

आता रस्त्याकडे येऊ. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, कापूरबावडी असे येतात आणि घोडबंदर रस्त्याने फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला लागतात. भिवंडीच्या गोदामांतला माल दुर्गाडी, पत्रीपूल, कल्याण-शीळ रस्ता धरून उलट दिशेने वाहतो. म्हणजे देशाच्या व्यापाराचा मोठा भाग आमच्या घराच्या नाक्यावरून जातो. हे नाके महामार्गाचे म्हणून बांधले आणि वस्तीचे म्हणून वापरले जातात. पातलीपाड्याचा चौक हा गुजरातकडे निघालेल्या ट्रेलरसाठी वाटेतला एक सिग्नल आहे. तिथल्या पोळीभाजीच्या दुकानात कामाला येणाऱ्या बाईसाठी तो रोज ओलांडायचा रस्ता आहे.

सायकलवाला आणि अवजड गाडी यांची गाठ सरळ रस्त्यावर पडते तेव्हा धोका असतोच, पण तो दोघांना दिसतो. चौकात तसं नसतं. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सायकल डाव्या कडेला असते. चालक उजवीकडे बसतो. सिग्नल लाल असताना सायकलवाला उभ्या गाड्यांच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकतो, कारण मागे थांबलं तर धूर खावा लागतो आणि हिरवा लागल्यावर मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. तो ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकापाशी येऊन एक पाय टेकवतो. नेमकी हीच जागा चालकाला दिसत नाही. त्याचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास उंच आहेत, दार भरीव पत्र्याचं आहे, डाव्या काचेच्या खालच्या भागात देवाचा फोटो, नंबराचं स्टिकर, गोंडे आणि कधी झोपेसाठी बांधलेला पडदा आहे.

हिरवा लागतो. लांब गाडीला डावीकडे वळायचं तर चालक आधी किंचित उजवीकडे घेतो, नाहीतर मागची चाकं कोपऱ्यावर चढतील. सायकलवाल्याला वाटतं गाडी सरळ चालली किंवा उजवीकडे चालली, आणि डावीकडे जागा मोकळी झाली. तो पायडल मारतो. मग पुढचं तोंड डावीकडे येतं आणि मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता त्यांच्या आतून, कोपऱ्याच्या बाजूने, येऊ लागतात. गाडी जितकी लांब तितकी ती अधिक आत येतात. सायकलवाल्याच्या उजवीकडे ट्रकचं अंग, डावीकडे कठडा किंवा जाळी, आणि मधली जागा दर क्षणाला कमी होत जाते. तो पडतो तो धडकेने पडत नाही. हँडल गाडीच्या अंगाला घासतं, तोल जातो, आणि तो पुढच्या व मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत पडतो. गाडीचा वेग त्या वेळी माणसाच्या चालण्याहून फार जास्त नसतो. चालकाला कित्येकदा कळतही नाही. लोक ओरडतात तेव्हा कळतं.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की, यावर आपण जे उपाय सांगतो ते या घटनेला लागूच पडत नाहीत. हेल्मेट घाला. हेल्मेट डोकं रस्त्यावर आपटण्यापासून वाचवतं, मागच्या दुहेरी चाकापुढे त्याचा काय पाड? चमकणारं जाकीट घाला. जिथे नजरच पोचत नाही तिथे चमकून काय होणार? वेगमर्यादा पाळा. गाडी पंधराच्या वेगाने वळत असते. चालकांचं प्रबोधन करा. ज्याला दिसत नाही त्याला काय सांगणार? रस्ता सुरक्षा अभियानात हे सगळं दर वर्षी होतं, गुलाबाची फुलं वाटली जातात, आणि कोपरा होता तसाच राहतो.

चालकांना झोडपणं सर्वांत सोपं. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात मुंब्रा बायपासवर तीन तास अडकलेल्या माणसाला ती आधीच मिळायला हवी होती. त्या केबिनची काच मात्र बंद असणार. सायकलची घंटी, माणसाची हाक, चाकाखालचा आवाज यांतलं काहीही आत पोचणार नाही. माणूस गेला, मग आवाज गेला. आपण वाहनातली एकेक सोय योग्य कारणाने वाढवतो आहोत आणि त्या प्रत्येक सोयीबरोबर डावी बाजू चालकापासून आणखी लांब जाते आहे. यात कुणाचा दुष्टपणा नाही. हिशेबात कुणीतरी राहून गेलं आहे, एवढंच.

आरसे वाढवा, कॅमेरे लावा, हा पुढचा सल्ला. जरूर लावा. पण नेदरलँड्सचा अनुभव पाहण्यासारखा आहे. सायकलींच्या त्या देशात २००३ साली ट्रकना न दिसणाऱ्या कोपऱ्यासाठी जादा आरसा सक्तीचा केला. त्यांच्याकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचा जीवघेणा कोपरा उजवा. मृत्यू सुरुवातीला घटले आणि नंतर पुन्हा वाढले. समोरची काच आणि पाच-सहा आरसे एकामागून एक पाहून होईपर्यंत पहिल्या आरशातलं चित्र बदललेलं असतं. माणसाला दोनच डोळे आहेत, आणि चौकात ते उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर लागलेले असतात, कारण तिकडून मार बसला तर त्याला बसेल.

लंडनने वेगळी वाट धरली. आरशातून काय दिसतं हे मोजायचं सोडून चालकाला काचेतून थेट किती दिसतं यावर त्यांनी ट्रकना तारे दिले. मार्च २०२१ पासून १२ टनांवरच्या गाड्यांना ठरावीक दर्जाशिवाय किंवा जादा सुरक्षा साधनांशिवाय शहरात परवाना मिळेना. ऑक्टोबर २०२४ पासून अट आणखी कडक झाली. खाली उतरलेली केबिन, दारात काच, अशा गाड्या कंपन्या बनवतच होत्या. त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं ते या अटीने. इथे कुणी म्हणेल, ठाणे म्हणजे लंडन नव्हे. खरंच आहे. गुजरातला जाणारा कंटेनर ठाणे महापालिकेचं ऐकणार नाही.

पण चौकात वळणारी गाडी कंटेनरच असते का? सरळ जाणारा कंटेनर घोडबंदरच्या चौकांत फारसा वळत नाही. त्याला फाउंटनला पोचायचं असतं. मानपाड्याहून टिकुजीनीवाडीकडे वळतो तो पाण्याचा टँकर. पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेटकडे वळतो तो काँक्रीटचा मिक्सर. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला किंवा घरडा सर्कलला वळतो तो माती भरलेला डंपर, कचऱ्याची गाडी, शाळेची बस. आमच्याच बाराव्या मजल्याच्या टाकीसाठी पाणी, आमच्याच येऊ घातलेल्या टॉवरसाठी काँक्रीट, आमचाच कचरा. बाहेरच्यांच्या गाड्यांनी शहर नासवलं ही तक्रार मोर्च्यांत जोरात होते, आणि नाक्यावर टँकर उलट्या बाजूने आत शिरला की सोसायटीचा सेक्रेटरी त्याला हात दाखवून वाट करून देतो. या टँकरना फेऱ्यांवर पैसे मिळतात. घाई त्यांच्या दरातच धरलेली आहे.

इथे महापालिकेच्या हातात भरपूर काही आहे. कचरा, टँकर, रस्त्यांची कामं, मेट्रोची कामं यांतल्या बहुतेक अवजड गाड्या ठाणे महापालिका, कल्याण-डोंबिवली महापालिका, एमएमआरडीए नाहीतर एमएसआरडीसी यांच्या कंत्राटांवर फिरतात. निविदेत रंग, बोधचिन्ह, जीपीएस यांच्या अटी असतात. त्यात एक अट घालायला कायदा बदलावा लागत नाही: दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे अडसर, डाव्या कोपऱ्याचा खाली पाहणारा आरसा, आणि वस्तीत वळताना डाव्या बाजूला माणूस. बाजूचे हे अडसर म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या पोकळीत बसवलेल्या आडव्या पट्ट्या. सायकलवाला पडला तरी आत न जाता बाहेर ढकलला जावा, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे त्यांच्यासाठी आयएस १४६८२ हे मानक २००४ पासून आहे. नव्या गाडीला ते असतात. मग एखाद्या खड्ड्यात वाकतात, स्टेपनी काढायला आड येतात म्हणून कुणी कापून टाकतं, आणि फिटनेसला जाताना दोन पाइप तारेने बांधले की काम भागतं. डंपर उभा असेल तेव्हा खाली वाकून पाहावं. बऱ्याच गाड्यांत आरपार पलीकडचं दुकान दिसतं. एमएच ०४ आणि एमएच ०५, म्हणजे ठाणे आणि कल्याणच्या परिवहन कार्यालयांनी वर्षभर नुसती ही एक गोष्ट नीट तपासली, तरी मी त्यांची बाकीची अभियानं माफ करायला तयार आहे.

गाड्यांबद्दल बोलताना वेळेचाही विचार व्हायला हवा. ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा बंदी आणि ठरावीक तासांना मुभा, अशी व्यवस्था वर्षानुवर्षं चालत आली: दुपारी साधारण १२ ते ४ आणि रात्री १० ते पहाटे ५-६. ही वेळ कारवाल्यांच्या सोयीने ठरली आहे. कार्यालयांची गर्दी टळते, बरोबर आहे. पण रात्रीची मुदत संपायच्या बेतात असते तेव्हा प्रत्येक चालक हद्द ओलांडायच्या धडपडीत असतो, आणि नेमके तेव्हाच दूध, पेपर आणि पहिल्या पाळीचे लोक सायकली घेऊन बाहेर पडतात. दुपारची मुदत सुरू होते तेव्हा सकाळच्या शाळा सुटतात. वेळापत्रक आखताना टेबलावर कारची संख्या होती. सायकलींची कुणी मोजलीच नव्हती. पहाटेची मुदत तासभर आधी संपवली तर वाहतूकदार ओरडतील. ओरडू देत, तो वाद तरी खऱ्या माणसांबद्दल असेल.

सायकलींसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे मार्गिका आखतात. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांची मार्गदर्शक तत्त्वं १९६२ सालीच काढली होती, म्हणजे एमआयडीसी जन्मली त्याच वर्षी. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांना प्राधान्य द्यावं असं सांगितलं. २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही शहरं स्मार्ट सिटीच्या यादीत आली आणि सादरीकरणांतून हिरव्या पट्ट्या दिसू लागल्या. शेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने सायकल मार्गिका बांधल्याही. त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये त्या काढून मोटारींसाठी आणखी एक मार्गिका करायचं ठरलं. सायकलप्रेमी हळहळले. मला त्यात हळहळण्यासारखं कमी वाटलं, कारण अशा मार्गिका मधल्या सरळ तुकड्यात असतात, जिथे सायकलवाला तसा सुरक्षितच असतो, आणि चौक आला की गायब होतात. रंग संपतो, पाटी संपते, आणि जिथे मरण आहे तिथे माणूस एकटा. मार्गिकेसाठी किलोमीटर मोजून निधी मिळतो, फीत कापता येते. कोपऱ्याची फीत कोण कापणार? म्हणून मागणी बदलली पाहिजे असं माझं म्हणणं आहे. एकही किलोमीटर मार्गिका देऊ नका, पण प्रत्येक मोठ्या नाक्याचे चार कोपरे नीट करून द्या.

नीट म्हणजे काय? आपल्या चौकांत डावा कोपरा ऐसपैस गोलाई देऊन बांधतात, शिवाय 'फ्री लेफ्ट' म्हणून सिग्नलमधून मोकळा सोडतात. कारण सांगतात की मोठी गाडी वळायला जागा लागते. गोलाई मोठी म्हणजे सगळ्याच गाड्या वेगात वळणार, आणि मोकळं वळण म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला थांबायचं कधीच कारण नाही. सायकलवाल्याला सरळ जायचं असेल तर त्याला हा न थांबणारा प्रवाह आडवा छेदावा लागतो. यावर तोड आहे. कोपरा आवळून घ्यायचा, आणि लांब गाडीच्या मागच्या चाकांपुरता वेगळ्या फरशीचा, दोन-तीन इंच उंच पट्टा ठेवायचा. ट्रकची चाकं त्यावरून जातील. कारवाला तो टाळून हळू वळेल. वाहनांची थांबायची रेघ काही मीटर मागे घ्यायची, तिच्यापुढे सायकलींनी उभं राहायची जागा आखायची, म्हणजे सायकलवाला चालकाच्या काचेसमोर येतो. सायकल आणि पादचाऱ्यांना हिरवा चार-पाच सेकंद आधी द्यायचा. 'फ्री लेफ्ट' बंद करून डाव्या वळणाला स्वतःचा सिग्नल द्यायचा. यातलं काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. रंग, फरशी, आणि सिग्नलच्या पेटीत वेळ बदलणारा एक माणूस लागतो.

यावर येणारा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आमच्याच कट्ट्यावर रोज येतो: सायकलवाल्यांना शिस्त नाही. उलट दिशेने येतात, दिवा नसतो. दिवा नसतो हे खरं. एकेकाळी दिवा नसला तर पोलीस सायकलच्या चाकातली हवा सोडायचे. तेव्हा पोलिसांना सायकल दिसायची तरी. उलट दिशेचं मात्र मुळातून पाहायला हवं. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर दुभाजक लांबच लांब आहे. पलीकडे जायचं तर पुढच्या नाक्यापर्यंत जाऊन वळून परत यावं लागतं. कारमधल्याला हे पेट्रोलवर होतं, सायकलवाल्याला पायांवर, पाठीमागे चाळीस किलो माल घेऊन. शिवाय समोरून येणारी गाडी निदान दिसते, मागून येणारी दिसत नाही, असा त्याचा हिशेब असतो. सरळ रस्त्यावर तो बरोबरही ठरतो. कोपऱ्यावर तोच हिशेब त्याचा घात करतो, कारण डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघत असतो. पण ही चूक त्याच्यापुढे ज्याने वाढून ठेवली त्याचंही नाव त्या शिस्तीच्या यादीत असायला नको का?

दुसरा आक्षेप आकड्यांचा. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास. मग एवढा अट्टहास कशाला? उत्तर कल्याणात आहे. २०१८च्या पावसाळ्यात शिवाजी चौकात खड्ड्यामुळे दुचाकीवरून पडलेली महिला बसच्या चाकाखाली आली. सीसीटीव्हीतलं ते दृश्य राज्यभर पाहिलं गेलं आणि ओरड झाली ती खड्ड्यांबद्दल. खड्डा होताच. पण पडलेलं माणूस चाकांमध्ये गेलं, कारण ती पोकळी उघडी होती आणि चौकात बस आणि दुचाकी खांद्याला खांदा लावून जात होत्या. देशातल्या मृतांत दुचाकीस्वार ४० टक्क्यांहून जास्त आहेत. डावीकडची जी फट सायकलवाल्याला मारते, तीच स्कूटरवाल्या मुलीला मारते. सायकल सर्वांत हळू आणि सर्वांत उघडी, म्हणून कोपरा तिच्या मापाने बांधला की बाकीच्यांना तो आपोआप पुरतो.

शिक्षा वाढवून पाहण्याचाही प्रयत्न झाला. नव्या न्याय संहितेत धडक देऊन पळणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली आणि जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील. ते कलम अमलात आलेलं नाही. २०१७च्या वाहनचालन नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलंच आहे. कर्तव्य आणि शिक्षा दोन्ही त्या माणसाच्या नावावर. कोपरा आखणाऱ्या अभियंत्याच्या नावावर काहीच नाही. दिल्ली आयआयटीतले दिवंगत दिनेश मोहन आयुष्यभर सांगत आले की माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा असतो. आपण माणूस चुकणार नाही असं धरून बांधतो आणि चुकला की पंचनामा करतो.

घोडबंदरला सध्या जे चाललं आहे त्याची मला खरी धास्ती वाटते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे सेवा रस्ते होते, ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम एमएमआरडीएने हाती घेतलं. रहिवाशांनी विरोध केला तो आपली गाडी सोसायटीच्या दारातून थेट महामार्गावर निघणार म्हणून, आणि ती भीती रास्त आहे. पण सेवा रस्ता हा या भागातला एकमेव सायकल मार्ग होता. कुणी तसा आखला नव्हता. टपऱ्या, रिक्षा आणि दुहेरी पार्किंगमधून वाट काढत सायकलवाल्यांनी तो वापरून केला होता. विलीनीकरणानंतर तो गार्ड आणि तो इडलीवाला कंटेनरच्या डाव्या कुशीत येतील, आणि जिथे सेवा रस्त्याचा छोटा कोपरा होता तिथे आता रुंद रस्त्याचा मोठा कोपरा असेल. तिकडे कल्याण-शीळ रस्ताही सहा पदरी झाला, त्याच्या डोक्यावर मेट्रो १२चे खांब उभे राहताहेत, आणि अलीकडे खुल्या झालेल्या मोठागाव-माणकोली पुलाने डोंबिवली थेट भिवंडीच्या गोदामांना जोडली. प्रत्येक प्रकल्पाच्या आराखड्यात वाहनक्षमता वाढली. कोपऱ्यांचे नकाशे मागितले तर ते कुठल्या कार्यालयात मिळतील, हेच आधी विचारत फिरावं लागतं: रस्ता एकाचा, पूल दुसऱ्याचा, खांब तिसऱ्याचा, सिग्नल चौथ्याचा, आणि गटारावरची जाळी महापालिकेची.

मेट्रो ४ची घोडबंदर बाजूची स्थानकं माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, टिकुजीनीवाडी, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली अशी आहेत. म्हणजे स्थानकं उभी आहेत ती याच नाक्यांवर. मेट्रो चालू झाली की पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावरून माणसं तिथे येणार. काही रिक्षाने, पुष्कळशी पायी, आणि रिक्षाचं भाडं परवडत नाही ती सायकलने. त्यांच्यासाठी जिन्याखाली सायकल स्टँड दाखवलेला असेल, नकाशात तो नेहमी असतो. त्या स्टँडपर्यंत पोचायला मिक्सर वळतो तो कोपरा ओलांडावा लागेल. खांबांखालचे दुभाजक, कठडे आणि पदपथ यांचं शेवटचं काँक्रीट काही ठिकाणी अजून पडायचं आहे. एकदा पडलं की पुढची तीस-चाळीस वर्षं ते कुणी हलवणार नाही, हे आपल्या प्रत्येक नाक्याने दाखवून दिलं आहे. नगरसेवकांनी, सोसायट्यांच्या महासंघांनी आणि त्या रविवारच्या सायकल क्लबांनीही आता मागायचं ते एवढंच: या स्थानकांखालच्या प्रत्येक कोपऱ्याचा मोजमापासहित नकाशा, काँक्रीट ओतायच्या आधी.